नाव, गाव, काम: कॉलेजच्या पोरांना व्यवहार शिकवायची माझी पद्धत

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावातल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, मी २२ वर्षं टाइम ऑफिस सांभाळलं. हजेरी, रजा, पगार, पीएफ, सगळं माझ्या खिडकीतून जायचं. सात तारखेला पगार झाला की आठला खिडकीसमोर एखादा नवा पोरगा हमखास उभा. बी.कॉम., फर्स्ट क्लास. "मॅडम, माझं पैसं कमी आल्यात." मी स्लिप पुढे सरकवायचे. तो ती उलटीसुलटी करून बघायचा आणि पुन्हा तेच म्हणायचा. नेमकं काय विचारायचं तेच त्याला सुचत नसायचं. भविष्य निर्वाह निधीवर टीप लिहून त्याने परीक्षेत मार्क मात्र मिळवलेले असायचे.

नोकरी संपल्यावर गेली सहा वर्षं शहरातल्या एका कॉलेजात दर शनिवारी दोन तास घेते. वेळापत्रकात त्याला भारदस्त नाव आहे, पोरं 'व्यवहाराचा तास' म्हणतात. आता नव्या शैक्षणिक धोरणामुळे ऑन जॉब ट्रेनिंग अभ्यासक्रमातच आलंय, त्यामुळे ओळखीचे प्राध्यापक फोन करून विचारतात, तुम्ही नक्की करता काय? सगळ्यांना एकदमच सांगते.

आधी एक गैरसमज काढून टाका. आपल्या पोरांना इंग्रजी येत नाही, व्यक्तिमत्त्व नाही, आत्मविश्वास नाही, असं टाय लावून आलेला प्रत्येक वक्ता सांगून जातो. माझा यावर विश्वास नाही. शाहू स्टेडियमवर तालमींची फुटबॉल मॅच असली की याच पोरांचा आत्मविश्वास बिंदू चौकापर्यंत ऐकू येतो. तोच पोरगा बँकेच्या काउंटरसमोर गेला की त्याचा आवाज घशातच राहतो. कारण साधं आहे. कोल्हापुरात कुठलंही काम निघालं की घरातला पहिला प्रश्न असतो, "तिथं कोण वळखीचं हाय का?" आणि कुणीतरी असतंच. बँकेत मामांचा मित्र, आरटीओत दादाचा दोस्त, दवाखान्यात गाववाला. ही आपल्या गावाची श्रीमंती आहे, मी तिला नावं ठेवत नाही. पण त्यामुळे वीस वर्षांच्या पोराने अनोळखी माणसाकडून एकही काम स्वतः करून घेतलेलं नसतं. मग तो पुण्याला जातो आणि तिथे वळखीचं कोणी नसतं.

तेव्हा या तासाचं काम एकच: अनोळखी माणसासमोर उभं राहून काम करून घेणं. बाकी सगळं त्यातून निघतं.

पहिल्या शनिवारी शिकवू नका. प्रत्येकाला कोरा कागद द्या आणि लिहायला सांगा: घरातलं मोठं माणूस सोबत नसताना शेवटचं कुठलं काम केलं? बँक, पोस्ट, दवाखाना, एसटीचा पास, काहीही चालेल. नाव लिहू नका म्हणावं, म्हणजे खरं लिहितात. पहिल्या वर्षी ३८ कागदांपैकी निम्म्यांवर 'मोबाइलचा रिचार्ज' होतं. एकावर 'वैरण आणली' होतं. त्या पोराला मी शोधून काढलं, कारण वैरणीचा भाव करणारा पोरगा वर्गात सगळ्यात पुढे असतो, फक्त त्याला ते कुणी सांगितलेलं नसतं.

आता फोन. यावर मी तीन शनिवार घालवते आणि ते कमी पडतात. मेसेज टाकायला पोरं पटाईत, पण बोलायचं म्हटलं की घाम फुटतो. पहिला फोन वर्गासमोर, स्पीकरवर लावायला लावते. दरवर्षी सुरुवात हीच.

"हॅलो, कोण बोलतंय?"

पलीकडून: "फोन तुम्ही केलाय न्हवं? तुम्हीच सांगा की."

वर्ग हसतो, पोरगा फोन कट करतो. मग फळ्यावर तीन शब्द लिहायचे: नाव, गाव, काम. मी कोण, कुठून बोलतोय, कशासाठी फोन केलाय. आणि चौथं वाक्य, ज्याच्यावर मी फार अडून बसते: "आत्ता बोलू का, थोड्या वेळानं करू?" या एका वाक्याने पलीकडचा माणूस अर्धा आपल्या बाजूला येतो. दुकानात गिऱ्हाईक उभं असताना आपण भाव विचारत बसलो तर तो वैतागणारच.

इथे एक पथ्य पाळा. फोन खोट्या कामाचे देऊ नका. सुरुवातीला मी चिठ्ठ्या काढायचे, 'लक्ष्मीपुरीत फोन करून ५० किलो तांदळाचा भाव विचारा'. दुसऱ्याच आठवड्यात एका व्यापाऱ्याने पोराला सुनावलं, "घेणार हाईस का, का टाइमपास करालाईस?" त्याचं बरोबर होतं. तेव्हापासून मी कॉलेजच्या ऑफिसातून खरी कामं गोळा करते. स्नेहसंमेलनाच्या नाष्ट्याचे दर, बंद पडलेल्या पंख्यांच्या दुरुस्तीचा अंदाज, सहलीच्या बसचं भाडं, वर्गाच्या नोट्सच्या ३०० पानांची झेरॉक्स. तीन ठिकाणी विचारायचं आणि ऑफिसला लेखी द्यायचं. दर खरा वापरला जाणार हे कळलं की पोरं आपोआप नीट विचारतात: जीएसटी धरून का? पोहोच मिळणार का? आगाऊ किती?

फोन ठेवल्याबरोबर चार गोष्टी वहीत: कोणाशी बोललो, किती वाजता, काय म्हणाले, पुढे काय ठरलं. 'एका माणसाशी बोललो' असं लिहिलं की मी वही परत देते. माणसाला नाव असतं, ते विचारायचं. "आपलं नाव काय म्हणायचं?" एवढं विचारायला पोरांना का लाज वाटते, हे मला अजून उमगलेलं नाही.

गेल्या वर्षी या कामात सगळ्यात तरबेज निघाली ती राधानगरीकडची एक मुलगी. इतर मुली मागे सरकत असताना ती उठली, "मॅडम, मी करतो की फोन." (आमच्याकडच्या पोरी 'करतो, जातो' म्हणतात. पुण्याच्या मुलाखतीत हसतील म्हणून हे बदलायला सांगणारे शिक्षक आहेत. मी सांगत नाही. भाव नीट विचारता आला म्हणजे झालं.) बसवाल्याने १४ हजार सांगितले, हिने डिझेल, टोल, ड्रायव्हरचा भत्ता वेगवेगळा काढायला लावला आणि सव्वातेरावर आणलं. घरचं दूध डेअरीत घालायला तीच जाते, फॅटवरून रोज वाद घालते, मग बसवाला काय!

काउंटरच्या कामात माझ्याकडून मोठी चूक झाली, ती तुम्ही करू नका. पहिल्या वर्षी उत्साहाच्या भरात सगळ्या ३८ जणांना एकाच दिवशी एकाच बँकेच्या एकाच शाखेत पाठवलं, मोठी रक्कम दुसऱ्या बँकेत पाठवायचा आरटीजीएसचा फॉर्म समजून घ्या म्हणून. अकरा वाजता प्राचार्यांना मॅनेजरचा फोन आला. मोर्चा आलाय की काय असं त्यांना वाटलं होतं. आता दोघादोघांची जोडी, वेगवेगळ्या दिवशी, दुपारी तीननंतर, आणि शक्यतो स्वतःच्याच खात्याचं काम. खात्याला नॉमिनी आहे का बघणं, मोबाइल नंबर बदलणं, पासबुक भरून आणणं. चेक वर्गातच शिकवते: डाव्या कोपऱ्यात दोन तिरक्या रेघा, रकमेनंतर 'फक्त', तारखेपासून तीन महिन्यांनी तो चेक म्हणजे नुसता कागद. यूपीआयबद्दल एकच वाक्य घोकून घेते, पैसे येताना पिन लागत नाही, पिन मागितला म्हणजे पैसे जाणार. आणि गेलेच तर लाजत बसायचं नाही, लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन. लवकर कळवलं तर रक्कम पुढे सरकायच्या आत अडवता येण्याची शक्यता असते.

मग माझा लाडका विषय, पगाराची स्लिप. भाषण नाही. नावं खोडलेल्या जुन्या स्लिपा वाटायच्या आणि मग एक कोरी स्लिप हाताने भरून घ्यायची. आकडे मी असे घेते, हिशेब सुटसुटीत होतो. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १२,०००, घरभाडे भत्ता २,४००, इतर १,६००. एकूण १६,०००. आता कापायला बसायचं. पीएफ १२,००० वर १२ टक्के, म्हणजे १,४४०. ईएसआय, म्हणजे कामगार विमा, एकूण पगारावर पाऊण टक्का, म्हणजे १२०. व्यवसाय कर २००. हातात १४,२४०. मुलींचे २०० वाचतात, कारण महाराष्ट्रात महिन्याला २५,००० पर्यंत पगार असलेल्या बाईला व्यवसाय कर नाही. २०२३ पासून ही मर्यादा आहे. यावर पोरं दरवर्षी आरडाओरडा करतात. करू द्यावा, त्याने आकडा लक्षात राहतो. फेब्रुवारीत २०० च्या जागी ३०० का, हे शोधून आणायला सांगायचं. (वर्षाचे अडीच हजार पुरे करायला. पण लगेच सांगू नका.)

यानंतर फळ्याच्या दुसऱ्या बाजूला मालकाचा हिशेब. तोही पीएफचे १,४४० भरतो, त्यातले सुमारे हजार पेन्शनच्या खात्यात जातात. ईएसआयचे सव्वातीन टक्के, म्हणजे ५२०. सगळी बेरीज १७,९६०. मुलाखतीत साहेब 'पॅकेज अठरा हजार' म्हणतो ते हे. गावात पेढे वाटताना सांगितलेले अठरा आणि हातात आलेले सव्वाचौदा यांच्यातला फरक कोणी खाल्लेला नसतो, हे त्यांना स्वतःच्या अक्षरात दिसलं पाहिजे. माझ्या खिडकीसमोर उभ्या राहणाऱ्या पोरांना कुणी हे एकदा करून दाखवलं असतं तर माझी आठ तारीख निवांत गेली असती. पीएफचा बारा आकडी यूएएन नंबर आयुष्यभर एकच असतो, दुसऱ्या नोकरीत नवा काढू द्यायचा नाही, जुनाच द्यायचा, हेही याच तासात. आणि स्लिपवर पीएफ कापलेला दिसतो, पण खात्यात खरंच जमा होतो का, ते मोबाइलवर दर महिन्याला बघायचं. कापून न भरणारे मालक असतात. आपल्याकडेही असतात.

अर्ज, ईमेल, बायोडाटा यावर भरपूर साहित्य मिळतं, मी फार वेळ घालवत नाही. बायोडाट्याच्या फाइलचं नाव 'न्यू न्यू फायनल' नसावं, स्वतःचं नाव असावं. छंदात 'गाणी ऐकणे' लिहू नये. सुपरवायझरला रजेचा मेसेज टाकताना 'आज येणार नाही' एवढंच न लिहिता आपलं काम कोण बघणार तेही लिहावं. ईमेल-आयडीत 'किंग', 'डॉन', 'नादखुळा' असेल तर त्याच दिवशी दुसरा काढावा. झालं.

त्यापेक्षा वेळ द्या तो चूक कबूल करायला शिकवण्यावर. हे मी स्वतःच्या अंगावरून शिकले. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एकाच नावाच्या दोन कामगारांत माझा घोटाळा झाला. एकाचा ओव्हरटाइम दुसऱ्याच्या नावावर पडला. मला ते त्याच दिवशी कळलं होतं. पुढच्या महिन्यात गुपचूप जुळवून टाकू म्हणून मी गप्प बसले. ज्याचे पैसे कमी पडले त्याची बायको दवाखान्यात होती, त्याने व्याजाने पैसे काढले. चौथ्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये उभी राहिले तेव्हा ते चुकीबद्दल फारसं बोललेच नाहीत. एवढंच म्हणाले, "चार दिवस तुम्हाला माहीत होतं?"

म्हणून वर्गात हा खेळ. एक पोरगा स्टोअरमधला क्लार्क. त्याने २४० कास्टिंगच्या (ओतीव भागांच्या) जागी मालासोबतच्या चलनावर ४२० लिहिले आणि गाडी गेटबाहेर पडली. आता सुपरवायझरला सांग. सुपरवायझर म्हणून मी आमच्या फाउंड्रीतल्या एका निवृत्त फोरमनना बोलावते. त्यांना नाटक करावं लागत नाही, त्यांचा आवाज ३० वर्षं भट्टीशेजारी कमावलेला आहे. पोरं तीन प्रकारे बोलतात. काही जण "सॉरी सर, सॉरी सर" एवढंच म्हणत राहतात. काही जण "मला कुणी सांगितलंच नव्हतं". आणि काही गप्प उभे राहतात, तेच सगळ्यात वाईट. सांगायच्या गोष्टी तीन: काय झालं, केवढ्याचं झालं, आत्तापर्यंत मी काय केलं. "सर, मघाच्या चलनावर २४० च्या जागी ४२० लिहिलेत. गाडी दहा मिनिटांपूर्वी गेली. ड्रायव्हरला फोन करून शिरोली नाक्यावर थांबायला सांगितलंय, दुरुस्त चलन घेऊन मी जाऊ का?" फोरमन यावरही ओरडतात. ओरडून झाल्यावर म्हणतात, "जा, गाडी घेऊन जा माझी." पोरांना तो ओरडा सोसून उभं राहता आलं पाहिजे. प्रत्येकाची पाळी येईपर्यंत दोन शनिवार जातात, घाई करू नका.

याच फोरमनच्या ओळखीने (बघा, ओळख आलीच) मी पोरांना उद्यमनगरात, शहरातल्या वर्कशॉपच्या वसाहतीत, पाठवते. बसभर पोरांची औद्योगिक सहल नको, तिथे सगळे मागे उभं राहून सेल्फी काढतात. दोघांनी जायचं, एका वर्कशॉपमध्ये अर्धा दिवस थांबायचं आणि मालकाला एकच गोष्ट विचारायची: नवीन पोराला तुम्ही कशावरून काढून टाकता? उत्तरं वहीत जशीच्या तशी उतरवायची. काम येत नाही म्हणून काढलं, असं उत्तर आमच्या वह्यांत क्वचितच येतं. न सांगता दांडी, मशीनवर मोबाइल, मोडलेलं लपवून ठेवणं, हीच पुन्हा पुन्हा येतात. एका लेथवाल्यांनी सांगितलेलं मी दरवर्षी वाचून दाखवते: "झाडू मार म्हटल्यावर इकडं तिकडं बघतंय, त्ये टिकत न्हाई."

घरकामाचा भाग थोडा आहे, पण सोडू नका. तांबड्या रश्श्यात काय कमी पडलं हे एका घोटात सांगणाऱ्या पोराला कुकरला भातासाठी पाणी किती ते माहीत नसतं. गृहपाठ म्हणून आठवड्यातून एकदा घरच्यांसाठी वरण-भात, आणि आईची वहीत सही. एका आईने सहीच्या जागी लिहून पाठवलं होतं, 'भात बरा, ओटा मीच पुसला.' शिवाय शर्टाला बटण लावणं, एमसीबी (विजेचा आपोआप पडणारा खटका) पडला तर कुठे बघायचं, आणि गॅसचा वास आला तर विजेची बटणं न दाबता रेग्युलेटर बंद करून, खिडक्या उघडून, बाहेर जाऊन १९०६ ला फोन. पुण्याला जाणाऱ्यांसाठी भाड्याच्या खोलीचा एक तास: ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृतच हवा, त्याची प्रत मागून घ्यायची, डिपॉझिट बँकेतून द्यायचं, आणि सामान आत नेण्याआधी भिंती, नळ, दारं यांचे फोटो काढून मालकाला पाठवायचे. सोडताना त्याच फोटोंवर डिपॉझिट परत मिळतं.

मुलींना बाहेर पाठवताना घरचे अडवतील हे धरूनच चला. दुसऱ्या वर्षी एका मुलीचे वडील थेट वर्गात आले. "मॅडम, बँकेचं काम तिचा भाऊ बघतोय, तिला कशाला हिंडवताय?" मी वाद घातला नाही. त्यांना बाकावर बसवलं आणि लेकीला त्यांच्यासमोर स्लिप भरायला दिली. ते स्वतः सूतगिरणीत होते. मालकाचे पीएफचे पैसे कुठे जातात ते तिने सांगितलं तेव्हा त्यांनी खिशातून स्वतःची स्लिप काढली, चार घड्या घातलेली, आणि म्हणाले, "हेबी बघ जरा." तेव्हापासून पहिल्याच महिन्यात मी पालकांना पत्र पाठवते: कुठे, किती वाजता, कोणासोबत. मुलींची कामं सुरुवातीला सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) ते दसरा चौक एवढ्याच भागात ठेवते. माघार आहे, पण पोरगी घरी बसण्यापेक्षा ती बरी.

मार्क देऊ नका. कॉलेज मागेल, तेव्हा हजेरीवर काहीतरी द्या आणि सुटा. मार्क आले की पोरं एकमेकांच्या वह्या उतरवतात आणि तीसजण एकाच किराणा दुकानदाराशी बोललेले दिसतात. त्याऐवजी वहीत बाहेरच्या माणसाची सही आणि शिक्का. वर्षाला अशा बारा सह्या. कारकुनाने सही द्यायला नकार दिला तर तसं लिहायचं, तेही धरते.

शेवटचं, वेळापत्रकाचं. जूनमध्ये प्रवेश चालू असतात, तेव्हा सुरू करू नका. जुलैत करा आणि फोनपासूनच करा, त्याला आणखी एक कारण आहे. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला गेलं की पंचगंगेकाठच्या गावांतली पोरं यायची बंद होतात. ४३ फुटांना धोका पातळी, मग रस्ते बंद, एसटी बंद, वर्ग अर्धा रिकामा. त्या दिवसांत मी वर्गातल्या पोरांना पलीकडच्या पोरांना फोन लावायला सांगते: रस्ता कुठला चालू आहे, गावात दूध संकलन होतंय का, औषधं कोणाला हवीत, जनावरं कुठे हलवली. सगळं वहीत, वेळेसह, नावासह. गेल्या पावसाळ्यात एका पोराने असाच फोन लावला आणि पलीकडून त्याच्याच बाकावरचा मित्र ओरडला, "आरं लगा, मीच हाय की, नाव काय सांगतोस?" यानं न थांबता गाव सांगितलं, काम सांगितलं, आणि विचारलं, "आत्ता बोलू का, थोड्या वेळानं करू?"